'तर' की 'तरी'? : मुलांच्या लेखनातील उभयान्वयी अव्यये

गेल्या वर्षी पोळ्यानंतर आपल्या मंडळाने आठवी ते दहावीच्या मुलामुलींकडून 'माझ्या गावचा पोळा' या विषयावर मराठीत निबंध मागवले होते आणि ते तपासण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. वैद्यकाचा व्यवसाय करणाऱ्याने मराठीचे निबंध तपासावेत की नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. परंतु सावरगावात जन्मलेला, जामच्या पाण्यात डुंबलेला आणि दवाखान्याच्या फावल्या वेळात चार ओळी लिहिणारा दुसरा कोणी संपादकांच्या हाती लागला नसावा. असो.

त्या गठ्ठ्यातील एका निबंधाची सुरुवात अशी होती : 'आमच्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते आणि नदीत पळसाचे झाड रोवतात आणि पांढुर्ण्याचे लोक तिकडून दगड मारतात आणि आमचे लोक इकडून मारतात आणि खूप जणांना लागते आणि डॉक्टर टाके घालतात आणि आम्ही पुरणपोळी खातो.' वाचून मी आधी हसलो. मग दुसऱ्यांदा वाचले आणि हसू मावळले. सात वाक्ये, सहा 'आणि'. झाड, दगड, रक्त, टाके व पुरणपोळी हे सारे एकाच पंगतीला मांडून बसवलेले. कोणते कशामुळे घडले, कोणते घडूनही काय थांबले नाही, कशाच्या विरुद्ध काय उभे आहे, याचा मागमूस नाही. गोटमारीच्या दिवशी नदीकाठच्या वैद्यकीय शिबिरात बसलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे की त्या दिवशीच्या घटना अशा पंगतीने येत नाहीत.

मुलगा आळशी नव्हता. त्याचे निरीक्षण चांगले होते, अक्षर तर माझ्यापेक्षा कितीतरी चांगले. (हे कौतुक फारसे मोठे नाही, हे औषधविक्रेते सांगतील.) त्याला उभयान्वयी अव्यये ठाऊक नव्हती असेही नाही. मी विचारले तेव्हा त्याने घडाघडा प्रकार म्हणून दाखवले : समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक, पुढे स्वरूपबोधक, कारणबोधक, उद्देशबोधक, संकेतबोधक. घरी आजोबांचे जुने मराठी व्याकरणाचे पुस्तक होते. प्रकार पाठ होते, पण लिहिताना हात 'आणि'पलीकडे जात नव्हता. शरीरशास्त्राच्या परीक्षेत सांध्यांचे सारे प्रकार बिनचूक लिहून आलेला विद्यार्थी निखळलेला खांदा पाहून गांगरतो, तसाच हा प्रकार.

इथे आपल्या भागाची एक विशेष अडचण आहे आणि पुण्या-मुंबईच्या व्याकरणकारांना ती सहसा जाणवत नाही. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि त्या राज्यात हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषांना राज्यभाषेचा मान होता. 1 नोव्हेंबर 1956 नंतर विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौसर-पांढुर्णा छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिले. 2023 साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी राज्य तेच राहिले. त्यामुळे आपल्या मुलांच्या घरात मराठी, शाळेत बहुधा हिंदी आणि बापाच्या मोबाईलवर दोन्हींची मिसळ. नामे आणि क्रियापदे या मिसळीत फारशी बिघडत नाहीत. 'संत्रा' इकडेही संत्रा, तिकडेही संत्रा. बिघडतात ते सांधे.

काही उदाहरणे निबंधांतूनच देतो. एका मुलीने लिहिले होते, 'पाऊस आला तो बाबा शेतात गेले नाहीत.' हिंदीतला 'तो' तिने सहज उचलला. पण मराठी वाचकाला 'तो' म्हणजे पाऊस की बाबा, असा प्रश्न पडतो. दुसऱ्याने 'मगर' लिहिले. हिंदीत तो 'पण' आहे, मराठीत सुसर. हिंदीतला 'कि' ऱ्हस्व, मराठीतला 'की' दीर्घ. आणि हिंदीतला दीर्घ 'की' हा षष्ठीचा प्रत्यय. 'राम की आई' एवढे तीन शब्द वाचून मराठी मूल विचारील, दोघांपैकी कोण? हिंदी मूल म्हणेल, रामाची आई.

सर्वांत घातक शब्द 'अगर'. जुन्या मराठीत, आणि आजही दस्तऐवजांत, 'अगर' म्हणजे 'अथवा'. 'अर्जदार अगर त्याचा वारस' हे आपल्या वडिलांनी शेकडो कागदांवर वाचले असेल. हिंदीत 'अगर' म्हणजे 'जर'. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना जुन्या वळणाचे मराठी लिहिण्याची आवड होती. त्यांनी एका चिठ्ठीवर लिहिले, 'ताप अगर खोकला असल्यास ही गोळी द्यावी.' हिंदी शाळेत शिकलेल्या सुनेने त्याचा अर्थ लावला की ताप असताना खोकलाही असेल तरच गोळी द्यायची. सासऱ्यांना नुसता ताप होता. तिने गोळी दिली नाही आणि सासरे रात्रभर कण्हत राहिले. सून चुकली असे कोण म्हणेल?

याच पेचाची दुसरी बाजू अशी की हिंदीत 'समुच्चयबोधक' हे नाव सगळ्याच उभयान्वयी अव्ययांना आहे, तर मराठीत ते त्यांच्या एका पोटप्रकाराला. मुले दोन्हीकडचे शब्द पाठ करतात आणि दोन्हीकडे गोंधळतात. गंमत म्हणजे या दोन व्याकरणांचे नाते जवळचे आहे. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 चे. पुढे कामताप्रसाद गुरूंनी 1920 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदी व्याकरणाच्या भूमिकेत दामल्यांच्या ग्रंथाचे ऋण मान्य केले आहे. म्हणजे ज्या हिंदी व्याकरणाने आपली मुले शिकतात, त्याच्या पायात एक मराठी दगड आहे. तो तिकडे फेकला गेला नाही, बसवला गेला.

काही मित्रांचे म्हणणे असे की यावर उपाय एकच, हिंदी शब्दांना घरबंदी करावी. मला ते पटत नाही. आपल्या भागातली आजी 'लेकिन' म्हणते आणि तिचे म्हणणे कोणालाही चुकीचे कळत नाही, कारण नेमके कुठे अडथळा आला हे तिला ठाऊक असते. आपले रोजचे 'म्हणून'चे काम कचेरीत 'सबब' करते, तो शब्द अरबी. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ 'निमित्त' किंवा 'बहाणा' असा आहे, हेही बोलके आहे. शब्द कुठला, याला फार महत्त्व नाही. दोन वाक्यांमधले नाते कोणते आणि ते लिहिणाऱ्याला उमगले आहे काय, याला आहे. हे मला निबंधांच्या बऱ्याच आधी, एका रुग्णाने शिकवले.

क्षयाचा रुग्ण होता. संत्र्याच्या बागेत राबणारा, वय चाळीसच्या आत. सहा महिन्यांच्या उपचारांचे वेळापत्रक समजावून झाल्यावर मी सवयीने म्हणालो, 'बरं वाटलं तरी गोळ्या बंद करायच्या नाहीत.' या वाक्याचे महत्त्व आपल्याला नव्याने सांगायला नको. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, माणूस कामाला लागतो आणि डबी फळीवर पडून राहते. मग उरलेले जंतू डोके वर काढतात, ते औषधांना न जुमानणारे होऊन. सोबत त्याची शाळकरी मुलगी होती. तिने वहीच्या पानावर माझे शब्द उतरवून घेतले. मला कौतुक वाटले. घाईत मी ते पान वाचून पाहिले नाही.

दुसऱ्या महिन्यात गडी आलाच नाही. निरोप पाठवल्यावर आला तेव्हा कळले की त्याने गोळ्या बंद करून तीन आठवडे झाले होते. मी रागावलो. तो शांतपणे म्हणाला, 'मले बरंच नाही वाटलं ना डॉक्टरसाहेब, म्हणून बंद केल्या.' आणि त्याने खिशातून घडी घातलेले ते पान काढले. त्यावर मुलीच्या सुरेख अक्षरात लिहिले होते : 'बरे वाटले तर गोळ्या बंद करायच्या नाहीत.'

'तरी'च्या जागी 'तर'. एक वेलांटी गळली होती. गोळ्यांनी त्याला मळमळत होते, अन्न जात नव्हते. 'बरे वाटले तर बंद करायच्या नाहीत' हे वाचून सरळ बुद्धीच्या माणसाने सरळ अर्थ काढला होता : बरे वाटले नाही तर बंद करायच्या. तर्कशास्त्राचा प्राध्यापक या अनुमानात खोड काढील. पण बोलीत कोणीही असाच अर्थ लावतो, आणि माझ्यापुढे प्राध्यापक बसलेला नव्हता. आई मुलाला म्हणते, 'अभ्यास केलास तर जत्रेला नेईन', तेव्हा अभ्यास न केल्यास काय होणार हे मुलाला न सांगता कळते. 'तर' अट घालते आणि अटीच्या पलीकडले दार उघडे ठेवते. 'तरी' ते दार बंद करते : बरे वाटो वा न वाटो, गोळी चालूच. मुलीने चूक केली खरी, पण पान न वाचण्याची चूक माझी होती. उपचार पुन्हा बसवावे लागले. तो बरा झाला हे आमचे नशीब.

त्या दिवसापासून मी ते वाक्य तसे सांगत नाही. 'बरं वाटो, नाही वाटो, त्रास होवो, सहा महिने गोळ्या घ्यायच्या; त्रास झाला तर माझ्याकडे यायचं', असे सांगतो आणि रुग्णाकडून वदवून घेतो.

या दोन शब्दांमधला भेद भाषेलाही एका दिवसात साधलेला नाही. 'ज्ञानेश्वरी'त 'तरी' हा शब्द पुष्कळदा आजच्या 'तर'च्या अर्थाने येतो. आजचा वाचक तेथे हटकून अडखळतो. शतकानुशतके बोलून, लिहून मराठी माणसाने अट आणि अटीला न जुमानणे यांसाठी दोन वेगळे शब्द पक्के केले. आपल्या हाती ते तयार आले आहेत. ते मुलांच्या हाती देताना केवळ 'संकेतबोधक' अशी चिठ्ठी चिकटवून देणे म्हणजे औषध न सांगता नुसती बाटली देणे.

'आणि' व 'म्हणून' यांचा गोंधळ तर आपल्या धंद्याच्या मुळाशीच आहे. 'ताप आला, सुई टोचली आणि पाय लुळा पडला', असे सांगणारी आई आपल्यातील ज्येष्ठांनी पाहिली आहे. आईच्या मनातला 'आणि' हा खरे तर 'म्हणून' असायचा : सुई टोचली म्हणून पाय गेला. आपण तिला समजावीत असू की तो ताप मुळात पोलिओचाच होता, सुईचा संबंध नाही. आपलेही पुरते बरोबर नव्हते. ब्रॅडफर्ड हिल आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1950 साली इंग्लंडमधल्या मुलांच्या नोंदी तपासून दाखवले होते की पोलिओची साथ असताना टोचलेल्या अवयवाला नुकत्या टोचलेल्या सुईमुळे लुळेपणाचा धोका वाढतो. म्हणजे आईच्या 'आणि'त थोडा 'म्हणून' होता, मात्र ती समजत होती तेवढा नव्हता. याच हिल महाशयांनी पुढे 1965 साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढे, दोन गोष्टी एकत्र आढळणे आणि एकीमुळे दुसरी घडणे यांतला फरक कोणत्या कसोट्यांवर ठरवावा, हे मांडले. नऊ कसोट्या आहेत. मला त्या वाचताना नेहमी वाटते की सारे व्याख्यान एका प्रश्नाभोवती फिरते : 'आणि'च्या जागी 'म्हणून' लिहिण्याचा अधिकार केव्हा मिळतो? भारत 27 मार्च 2014 रोजी पोलिओमुक्त घोषित झाला. तो प्रश्न मात्र दर आठवड्याला दवाखान्यात येऊन बसतो.

मग मुलांना शिकवावे कसे? जोडशब्द जितके जास्त तितके लेखन प्रौढ, असा एक समज मुलांमध्ये आणि काही शिक्षकांमध्येही आहे. त्यातून 'किंबहुना' नको तिथे येतो. त्याचा अर्थ 'एवढेच नव्हे तर' अशा चढत्या स्वराचा. मुले तो 'किंवा' अथवा 'कदाचित' म्हणून लिहितात. 'जरी'चा जोडीदार 'तरी'. पण 'जरी पाऊस आला परंतु आम्ही गेलो' असे आंतरजातीय लग्न सर्रास लागते. (खऱ्या आंतरजातीय लग्नांना माझी हरकत नाही.) हे सुधारायला हवे, पण याने सुरुवात करू नये.

सुरुवात जोडशब्द काढून करावी. मराठीला ते दर ठिकाणी लागतातच असे नाही. 'तो आला आणि बसला आणि पाणी प्यायला आणि गेला' याऐवजी 'तो येऊन बसला, पाणी पिऊन गेला', एवढ्या एका 'ऊन'ने मराठी वाक्य धावू लागते. (आपल्या भागात 'ऊन'चे आणखी एक काम आहे. 'तो जेवून राहिला' म्हणजे इकडे तो जेवत आहे. पुण्याच्या पाहुण्याला वाटते, जेवण उरकून मुक्कामाला राहिला. म्हणून निबंधात हे रूप जपून वापरावे, घरी मनसोक्त वापरावे.) वरूडच्या पलीकडे, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठीतले ते आद्य गद्य पाहावे. वाक्ये तोकडी, आणि जोडायचेच तर एक साधा 'मग'. तेवढ्यावर माणसे चालतात, बोलतात, रागावतात. मुलाला 'मग' कळला म्हणजे क्रम कळला. क्रम हा कारण नव्हे, हे त्याला पुढच्या पायरीवर सांगावे.

पुढची पायरी मी निबंध तपासल्यानंतर सहा मुलांना रविवारी दवाखान्यात बोलावून करून पाहिली. खडूने फळ्यावर दोनच वाक्ये लिहिली : 'गोटमार ही जुनी परंपरा आहे.' 'लोक जखमी होतात.' मध्ये जागा सोडली आणि प्रत्येकाला एक शब्द भरायला सांगितला. एकाने 'आणि' भरला, एकाने 'पण'. एका मुलीने 'म्हणून' भरला आणि बाकीचे तिच्यावर तुटून पडले : 'परंपरा जुनी आहे म्हणून लोक जखमी होतात, असं कसं?' ती म्हणाली, 'जुनी आहे म्हणूनच कोणी थांबवत नाही ना.' सहावा मुलगा म्हणाला, वाक्यांची उलटापालट करू द्या. त्याने लिहिले, 'लोक जखमी होतात, तरी ही परंपरा चालू आहे.' अर्धा तास वाद चालला. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले होते आणि लोकांनी दगडच हाती घेतले, ही गोष्ट कोणीतरी काढली. ते 'तरी'चे उदाहरण की 'म्हणून'चे, यावरही वाद झाला. व्याकरणाचा शब्दही न उच्चारता ही मुले व्याकरणाच्या मुळाशी जाऊन भांडत होती. कोणता शब्द शुद्ध, हे मी सांगितले नाही. चारही शुद्ध होते. प्रत्येकाने आपल्या गावाबद्दल एक वेगळी साक्ष दिली होती आणि साक्षीची जबाबदारी त्याची होती.

शाळेतल्या परीक्षेत मात्र गाळलेल्या जागेला एकच उत्तर असते. तिथे 'पण' बरोबर ठरतो, बाकी सारे चूक. आपल्या शिक्षक-बंधूंना माझी विनंती एवढीच की उत्तरावर खूण करण्यापूर्वी 'हाच शब्द का?' असे एकदा विचारावे. वेळ लागतो, हे कबूल. नाडी पाहायलाही लागतो.

ही विनंती मी मोठ्या तोंडाने करीत असलो तरी मी स्वतःही ती पाळली नव्हती. ज्या मुलाच्या सहा 'आणि'ने हा लेख सुरू झाला, त्याच्याच निबंधात खाली एक वाक्य होते : 'माझ्या काकांचा डोळा गोटमारीत गेला म्हणून ते दरवर्षी गोटमारीत जातात.' सगळ्या निबंधात 'आणि' सोडून आलेला हा एकच जोडशब्द, आणि तोही चुकीचा, असे मला वाटले. मी लाल शाईने 'म्हणून' खोडले आणि वर 'तरी' लिहिले : डोळा गेला, तरी जातात. वाक्य सरळ झाले, अर्थ लागला.

त्या रविवारी मुले निघाली तेव्हा हा मागे रेंगाळला. वही उघडून त्याने माझ्या लाल शब्दावर बोट ठेवले.

'हे बरोबर नाही जी.'

'का रे? डोळा गेल्यावर माणूस जायचं थांबवील. काका थांबत नाहीत. मग तरीच हवं ना?'

'नाही जी. अगोदर ते जात नव्हते. त्या साली पाहायलेच गेले होते, काठावर उभे होते. डोळा गेला, म्हणूनच जातात.'

मी त्याच्याकडून वही घेतली, 'तरी' खोडला आणि त्याचा शब्द पुन्हा लिहून दिला.